धोका तुमचा, पण दरीत उतरणार कोण?

मेळघाटी मास्तर

मृग तोंडावर आला की चिखलदऱ्याच्या घाटात शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. अमरावती, अकोला, नागपूर, तिकडून बैतूलचीही पोरं येतात. यावं, डोंगर आहेच तसा. पण काही वर्षांपासून एक गोष्ट मनात खदखदते आहे. या फोरमवर हिमालयात जाऊन आलेले लोक आहेत, जंगलाच्या काठावर राहणारेही आहेत, म्हणून इथेच मांडतो.

मी या भागात शिक्षक आहे. शाळेच्या मुलांना गाविलगडावर नेतो, वनविभागाची परवानगी काढून नरनाळा किल्ल्यावरही नेतो. तेव्हा डोंगरात जाऊच नका म्हणणाऱ्यांतला मी नाही.

मागे एका पावसाळ्यात फोटोसाठी कड्याच्या धारेवर गेलेला एक तरुण घसरला आणि खालच्या टप्प्यावर झाडीत अडकला. जिल्ह्याचं शोध व बचाव पथक अमरावतीहून निघतं, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आणि त्यात घाट. एसडीआरएफची (राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची) तुकडी नागपूरहून, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. धुकं असं की दहा पावलांवरचं झाड दिसेना. ठाण्यातून फोन गेला तो गावच्या कोरकू आदिवासी पोरांना. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी. त्याने चपला काढून ठेवल्या आणि कमरेला बैलगाडीचा नाडा, म्हणजे दोर, बांधला. वर चौघांनी नाडा धरला, सागाच्या बुंध्याला एक वेढा देऊन. तो उतरताना मी पाहत होतो. हातातली काठी आधी गवताच्या झुपक्यात खुपसायची, खाली दगड लागतो की नुसती भिजलेली माती ते पाहायचं, मग शेवाळल्या काळ्या दगडावर अंगठा रुतवायचा आणि त्यानंतरच अंगाचं वजन टाकायचं. नाडा धारेवर घासायला लागला तेव्हा एकाने खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याखाली सरकवला. डोक्यावर हेल्मेट नाही, अंगाला हार्नेस (कमर-मांड्यांना आवळायचा पट्टा) नाही, कुठला विमा नाही. घरी तीन महिन्यांचं लेकरू.

तो तरुण वाचला, पाय मोडला तेवढ्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. त्यात या पोरांच्या वाट्याला दोन शब्द आले, ‘स्थानिकांच्या मदतीने’.

माझं म्हणणं एवढंच आहे. ‘माझा जीव आहे, मी काय वाटेल ते करीन’ हे वाक्य डोंगरात खरं नसतं. तुम्ही धारेवर पाय ठेवता तेव्हा खालच्या गावातला कोणीतरी न विचारता तुमच्यासोबत बांधला जातो. धोका घ्यायचा की नाही हे ठरवताना त्याचा जीव हिशेबात धरला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

—

हिमशिखर_यवतमाळ

मास्तर, वाचून अंगावर काटा आला. त्या दादाला माझा नमस्कार सांगा.

तरीही थोडं भांडतो. आपल्या भागात आधीच ‘जाऊ नको’ हे सगळ्यांत जास्त ऐकायला मिळतं. पोहू नको, झाडावर चढू नको, जंगलात जाऊ नको. मी बेसिक माउंटेनिअरिंग कोर्सला निघालो तेव्हा घरी दोन दिवस चूल पेटली नाही म्हटलं तरी चालेल. दरीत पडणाऱ्या रीलवाल्यांमुळे उद्या दोर लावून, गुरूच्या हाताखाली शिकून चढणाऱ्या पोरांवरही दार बंद होईल, ही मला भीती आहे.

२०१८ चं मिशन शौर्य आठवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची दहा आदिवासी मुलं एव्हरेस्टवर गेली, पाच जण शिखरावर पोचले. त्याआधी ती तेलंगणातल्या भोंगीरला खडकावर शिकली, दार्जिलिंगला शिकली, लडाखच्या थंडीत राहिली. ८,८४८ मीटरवर जाण्यात जिवाची जोखीम होतीच की. त्यांच्या आईबापांनी ‘गावच्या लोकांना त्रास होईल’ म्हणून पोरांना घरी बसवलं असतं, तर विदर्भातल्या आश्रमशाळेचं पोर काय करू शकतं हे कोणाला कळलं असतं?

—

मेळघाटी मास्तर

@हिमशिखर, हे उदाहरण मीही वर्गात सांगतो. फक्त मी मुलांना उरलेल्या पाचांबद्दल विचारतो. ते कुठून परतले, का परतले? आपण बोलताना शिखरावरच्या पाचांचंच बोलतो. एवढ्या वर जाऊन माघारी फिरणं, आणि तेही अठरा-एकोणीस वर्षांच्या वयात, हेही त्या मोहिमेचं यशच आहे. दहाच्या दहा मुलं घरी आली.

आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं सर्वांत आधी पूर्ण केली राइनहोल्ड मेसनरने, १९८६ मध्ये. तो माणूस कितीतरी मोहिमांतून शिखर न गाठता परतलेला आहे. १९७० मध्ये नंगा पर्बतवर त्याने सख्खा भाऊ गमावला होता. आमच्याकडे मात्र पोरांना परतण्याची लाज वाटते. घोळक्यातला एक म्हणतो, ‘इथवर आलो ना, आता काय घाबरतो’, आणि बाकीचे निमूट मागे जातात.

—

कास्तकार_समुद्रपूर

मास्तर, आमाले धोका हौसेनं घ्या लागत नाही, तो घरीच येते. थ्री फेजची पाळी रातची असली का बारा वाजता वावरात जा लागते ओलिताले. पाय चिखलात, हातात बॅटरी, आन ध्यान सारं मन्यार सापावर. गव्हात रानडुक्कर बसून राह्यते ते येगळंच. याले कोनी साहस म्हनत नाही आन पेपरातबी येत नाही.

मायं पोरगं नागपुरात शिकते. ते म्हनते बाबा मी मित्रायसंग ट्रेकिंगले जातो. मी म्हनलो जा, डोंगर पाह्य, पन सोबत कोन आहे ते सांग. तिकडचं त मले मालूम नाही, इकडचं सांगतो. रातच्या ओलिताले मी एकटा जात नाही, आन ज्याले भेवच वाटत नाही अशा गड्याले बी सोबत नेत नाही. असा गडी बॅटरी खाली न मारता चालते, बांधावर हात टाकते, मोटरच्या पेटीले वल्या हातानं शिवते. त्याच्यापायी आपन जातो.

—

झाडीपट्टी_नागभीड

कास्तकारभाऊ, शंभर टक्के सहमत.

आमच्याकडे कडे नाहीत, तलाव आहेत, नदी आहे. घोडाझरी तलावात २०२५ च्या मार्चमध्ये एकाच वेळी पाच तरुण बुडाले. तिकडे वरुड तालुक्यात झुंजला, सप्टेंबर २०२१ मध्ये, वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण गेले. घरच्या विधीसाठी आलेली माणसं, धबधबा बघायला निघाली होती. नागपूरजवळ वेणा तलावात २०१७ च्या जुलैत नाव उलटली, त्याआधी पोरांनी नावेतूनच फेसबुक लाइव्ह केलं होतं. यांतल्या कोणालाही आपण धोका घेतोय असं वाटलं नसणार. सहलीला आलोय एवढंच डोक्यात असतं.

मास्तरांनी कोरकू पोरांचं लिहिलं, मी ढिवर समाजातल्या माणसांचं लिहितो. तलावात कोणी बुडालं की पहिला फोन मच्छीमार सोसायटीच्या माणसाला जातो. आमच्या गावच्या एका काकांना मी लहानपणापासून पाहतो आहे. तळाशी गाळ असतो, जुनी झाडाची खोडं असतात, मुरूम काढलेले खड्डे असतात, पाणी इतकं गढूळ की डोळे उघडून उपयोग नाही. काका श्वास भरून खाली जातात आणि पायाने चाचपतात. हाताने नाही, पायाने, कारण हात वर येण्यासाठी मोकळे लागतात. नाहीच सापडलं तर नावेतून गळ टाकून तळ ओढत राहायचं. काठावर आई बसलेली असते, तिच्याकडे बघायचं नाही असं ते म्हणतात. त्या रात्री काका जेवत नाहीत. कोणाचं लेकरू हातात लागलं हे काय सहज विसरता येतं का?

सरकारी कागदात या माणसाला काय म्हणतात? काहीच नाही. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला तर घरच्यांना २५ लाख मिळतात, ते मिळायलाच हवेत. २०२५ च्या मे महिन्यात आमच्या शेजारी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या, त्या पोटासाठी गेल्या होत्या. पण बुडालेल्याला काढताना ढिवर गेला तर त्याच्या घरी काय येतं, हे मला कोणीतरी सांगा.

—

अकोटकर_सध्या_पुणे

धागा काल रात्रीपासून वाचतोय. मूळचा अकोटचा, पहिला डोंगर नरनाळा, शहानूरच्या बाजूने. आता इकडे एका गिर्यारोहण संस्थेत बचावाचं काम करतो.

मास्तरांचा मुद्दा मला अर्धा पटतो. बचावाला जाणारा माणूस बिचारा असतो आणि पडणारा गुन्हेगार, अशी मांडणी झाली तर लोक अपघात लपवायला लागतात, उशिरा फोन करतात. सह्याद्रीत आम्ही फोन आल्यावर ‘कसा पडला, का गेला होता’ हे विचारत नाही. कुठे आहे, शुद्धीवर आहे का, रक्त किती जातंय, सोबत किती जण आहेत, एवढंच विचारतो. इकडे महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, फोन आला की जवळच्या संस्थेला कळवतात. सगळे स्वयंसेवक, आणि सगळे स्वतः चढणारे. आम्ही आपल्या मर्जीने जातो.

मग विदर्भातली अडचण पोरांच्या बेफिकिरीइतकीच दोराची आहे. शेतीच्या दुकानातला नायलॉनचा दोर आणि गिर्यारोहणाचा दोर यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. चढाईचा डायनॅमिक दोर पडणाऱ्याच्या झटक्याने लांबतो आणि तो झटका स्वतः पितो, साध्या दोराने तोच झटका थेट कमरेला बसतो. खाली उतरवायला आणि ओढायला स्टॅटिक, म्हणजे फारसा न लांबणारा, दोर वेगळा. नुसता कमरेला दोर बांधून माणूस अधांतरी लटकला तर काही मिनिटांतच श्वास कोंडायला लागतो, म्हणून हार्नेस. त्या दादाने जे केलं त्याला हिंमत लागते, पण ती त्याला पुन्हा करावी लागू नये.

—

मेळघाटी मास्तर

@अकोटकर, अपघात लपवण्याबद्दल लिहिलंत ते बरोबर आहे, तसं व्हायला नको. पडलेल्याला दोष द्यायला हा धागा नाही.

पण ‘आपल्या मर्जीने’ यावर थांबतो. तुमच्याकडे संस्थेत नाव नोंदवलेला माणूस असतो, त्याला आज जमत नसेल तर दुसरा जातो. इथे संध्याकाळी सहाला ठाण्यातून फोन येतो, अख्खा गाव रस्त्यावर जमलेला असतो, पडलेल्याचे मित्र रडत असतात आणि त्या वाटेची माहिती एकालाच असते. त्याने ‘नाही’ म्हणायचं कसं? वर्षभर ज्या खात्याकडे जंगलाच्या परवानगीसाठी जायचं, ज्या ठाण्यात कामं पडतात, तिथूनच फोन आलेला असतो. याला मी मर्जी म्हणू शकत नाही.

—

हिमशिखर_यवतमाळ

मास्तर, इथे मी तुमच्या बाजूला येतो. मोठ्या डोंगरातही हेच आहे. १८ एप्रिल २०१४ ला एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळून सोळा नेपाळी कामगार गेले. गिऱ्हाईकांसाठी वाट बांधणं, ओझी वर नेणं हे त्यांचं काम. हिमप्रपातातून गिऱ्हाईक मोजक्या फेऱ्या करतो, ओझी वाहणारा कितीतरी जास्त. घरच्यांना सुरुवातीला चाळीस हजार नेपाळी रुपये देऊ केले तेव्हा शेर्पांनी त्या हंगामात काम करायला नकार दिला. इन्स्टिट्यूटमध्ये आम्हाला गाठी शिकवल्या, बर्फात कुऱ्हाड कशी धरायची ते शिकवलं. ओझं वाहणाऱ्याच्या धोक्याचा धडा नव्हता, तो असायला हवा.

मात्र एक गोष्ट ठासून सांगतो. तयारी केली म्हणजे धोका संपत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडात द्रौपदी का दांडा शिखरावर हिमस्खलनात नेहरू गिर्यारोहण इन्स्टिट्यूटच्या तुकडीतले २९ जण गेले. त्यात प्रशिक्षक होते, एव्हरेस्ट केलेली प्रशिक्षक होती. ते बेफिकीर नव्हते. म्हणून कोणी गेला की लगेच ‘काय गरज होती’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

—

गोंदियाची_लेक

‘काय गरज होती’ हे आम्हा मुलींना कोणी पडायच्या आधीच ऐकवतात. मुलगा पडला तर ‘धाडसी होता हो पोरगा’, मुलगी साधी घसरली तरी ‘कोणाबरोबर गेली होती?’ त्यामुळे आमच्यातल्या कितीतरी जणी घरी न सांगता जातात, आणि न सांगता जाणं हाच सगळ्यांत मोठा धोका आहे. आपण कुठे आहोत हे कोणालाच माहीत नसतं.

आम्ही काही जणी मिळून हाजरा फॉल, कचारगड या बाजूला फिरतो. निघण्यापूर्वी पोलीस पाटलांना आणि वनरक्षकांना सांगतो, किती जणी, कुठून, किती वाजता परत. सुरुवातीला ते हसायचे, आता तेच पाऊसपाण्याचं सांगतात. कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेला गेलात तर बघा. म्हाताऱ्या गोंड बाया गुहेपर्यंत चढतात, कोणी कोणाला ढकलत नाही, जिथे दगड सुटा आहे तिथे पुढची मागचीला हात देते. तिथे मला कळलं की डोंगर चढायला दंड फुगवायची गरज नसते.

पाण्याचंही सांगते, कारण दरवर्षी धबधब्यात पोरं जातात. कुंडात पडणाऱ्या धारेखाली पाण्यात हवा मिसळलेली असते, त्या फेसाळ पाण्यात चांगला पोहणाराही तरंगत नाही, आणि पाण्याचा भोवरा पुन्हा धारेखालीच ओढतो. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाला वाहून यायला लागला, आवाज बदलला की सामान सोडून वर पळायचं. हे शाळेत का शिकवत नाहीत?

—

वर्धेकर

सरळ बंदी घाला पावसाळ्यात. जीव वाचतील.

—

गोंदियाची_लेक

@वर्धेकर, बंदी असते तेव्हा लोक मागच्या वाटेने जातात, आणि मागच्या वाटेवर ना कठडा असतो ना माणूस.

—

पीएचसी_डॉक्टर

मी धारणी भागात काही वर्षं काम केलं आहे. दोन गोष्टी जोडतो.

पहिली, डोकं ठिकाणावर असतं तेव्हाच परतीची वेळ ठरवायची. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच असतो. मेंदूला प्राणवायू कमी पडला की माणसाला आपला निर्णय चुकतोय हेही कळत नाही. १० मे १९९६ ला परतीची वेळ दुपारी एक-दोनच्या आसपास धरलेली होती, तरी काही जण चारच्या सुमारापर्यंत चढत राहिले. रात्री वादळात सापडले आणि एकूण आठ जण गेले, त्यांत दोन अनुभवी मोहीम-प्रमुखही होते. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास, इथे प्राणवायू भरपूर आहे. पण दारू, मित्रांचा गलका आणि समोर धरलेला मोबाइल, एवढ्यानेही विवेक जातो. माझ्याकडे आलेल्या पडण्याच्या केसेसमध्ये दारूचा वास नेहमीचा होता.

दुसरी, आग्या मोहोळ. किल्ल्यांच्या तटाला, कड्यांना मोठाली पोळी लटकलेली असतात. खाली धूर केला, अत्तर मारलं, ड्रोन उडवलं की माशा उठतात. शंभर-दोनशे डंख बसलेला माणूस गंभीर असतो. एखाद्याला ॲलर्जी असेल तर एका डंखानेही श्वास अडकतो, अशा वेळी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मिनिटांत लागतं आणि कड्यावर ते नसतं. मध काढणारे कोरकू भाऊ चैत्रात कुठल्या कड्याखाली जात नाहीत ते विचारून घ्या, ते सांगतात. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे अस्वल मोहाखाली येतं, तेही त्यांना ठाऊक असतं. बाहेरून येणाऱ्यांनी गाडी थांबवून एवढं विचारलं तरी निम्मे रुग्ण कमी होतील असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणि @झाडीपट्टी, तुमच्या प्रश्नावर. केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना आहे, गावातल्या स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून नावं जातात. तुमच्या काकांचं नाव गेलं पाहिजे. नुसत्या कॉलेजच्या पोरांची यादी करून उपयोग नाही, जो खरोखर पाण्यात उतरतो तो यादीत हवा.

—

झाडीपट्टी_नागभीड

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. काका साठीला टेकले आहेत, वयात बसतील का बघतो. नाहीतर त्यांचा मुलगा आणि पुतण्या दोघेही उतरतात. सोमवारी सोसायटीच्या अध्यक्षांना घेऊन चंद्रपूरला जातो.

—

अकोटकर_सध्या_पुणे

मास्तर, तुमच्या ‘मर्जी’वर दोन दिवस विचार केला. तुमचं बरोबर आहे. नाही म्हणायची सोय नसेल तर निदान साधन आणि शिक्षण तरी त्याच्या हातात असलं पाहिजे, आणि गावात एकाऐवजी सात-आठ जणांना ते यायला हवं, म्हणजे एकाला घरी थांबता येईल. संस्थेत बोललो आहे. मृगाच्या आधी आम्ही चौघे येतो. दोन स्टॅटिक दोर, हार्नेस, हेल्मेट, पुली आणतो, आणि जाताना ते सामान गावातच ठेवून जातो. राहायची सोय शाळेत होईल का?

—

हिमशिखर_यवतमाळ

मीही येतो. आमच्याकडची तीन मुलं शिकायला घेऊन येऊ का? त्यांना आधी बचाव शिकू दे, मग चढाई.

—

मेळघाटी मास्तर

शाळेच्या दोन खोल्या सुट्टीत रिकाम्या आहेत, मुख्याध्यापकांना विचारून कळवतो. वनविभागाला अर्ज आजच टाकतो, कारण व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरला (गाभ्याच्या जंगलाला) लागून असलेल्या भागात परवानगीला वेळ लागतो. मोहाचा हंगाम संपला, तेंदूपत्त्याची कामं उरकत आली की पोरं मोकळी होतात, त्यामुळे जूनचा पहिला आठवडा धरा. बाजाराचा दिवस सोडून. जो दादा उतरला होता त्याला विचारलं, तो येतो म्हणाला. त्याची एकच अट आहे, शिकवणी कोरकूत समजावून सांगणारा कोणी सोबत पाहिजे, कारण गावातले दोन जण मराठीत अडखळतात. ते मी करीन.

@कास्तकारभाऊ, मुलाला जूनमध्ये इकडे पाठवा. तुमच्यासारख्या बापाचा मुलगा दोर धरायला कामाचा.

—

कास्तकार_समुद्रपूर

पाठवतो मास्तर. पेरनी आटोपली त मी बी येतो.